काळ्या सशांच्या पोटचं पांढरं पिल्लू

प्रिय धनेश,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी दहा वाक्यं बोलले की तू एक "हं" म्हणतोस आणि त्या "हं"चा अर्थ लावता लावता माझा जीव जातो. तुझी आई रोह्याला येऊन लग्नाचं विचारून गेली, त्यालाही आता महिना होत आला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुला वाटत असेल, हिच्या मनात दुसरं कुणी आहे. तसं काही नाही रे. मनात तूच आहेस, हे आधीच सांगून टाकते. अडलंय ते वेगळ्याच गोष्टीवर.

आम्ही घरच्या गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला तुमच्या कारखान्यात आलो, तो दिवस मला चांगला आठवतो. तू डोळ्यांची आखणी करत होतास आणि मान वर करायला तयार नव्हतास. मनात म्हटलं, केवढा भाव खातोय हा! मग मला मागच्या पडवीत सशांचे पिंजरे दिसले. मी सहज विचारलं आणि तू जो बोलायला लागलास, तो थांबेचना. शेवटी आईने माझा हात धरून मला बाहेर ओढलं.

तुझी पहिली फजिती मला तुझ्या आईने सांगितली. तुला राखाडी ससा हवा होता. जन्म रंगाच्या डब्यांत गेलेला माणूस तू, काळ्यात पांढरा घातला की राखाडी होतो हे तुला लहानपणापासून पाठ. म्हणून काळ्या मादीला पांढरा नर जोडलास. पिल्लं झाली ती एकजात काळीकुट्ट! तुझी आई म्हणाली, "रंग नीट ढवळला नाय तू." पेणचाच माणूस असली चूक करू जाणे. पुढे त्याच काळ्या पिल्लांना पिल्लं झाली. सगळी आधी उघडी, गुलाबी. चार-सहा दिवसांत बाकीच्यांच्या कातडीवर काळी छाया आली, एक मात्र गुलाबीच राहिलं आणि मोठं झालं ते पांढरंशुभ्र, लाल डोळ्यांचं. सगळ्या आळीने शेजारच्या निलेशच्या पांढऱ्या नरावर आळ घेतला. कुंपणात भोक शोधून झालं.

तू मात्र भोक शोधलं नाहीस. कुठून कुठून वाचलंस, जनावरांच्या डॉक्टरांना गाठलंस, जोड्या लावून पाहिल्यास आणि मग सगळ्यांना समजावलंस. सशाचे रंग डब्यातल्यासारखे मिसळत नाहीत. पिल्लाला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. काळ्याचा एक वाटा असला तरी ससा काळा दिसतो आणि पांढरा त्याच्याखाली गुपचूप बसून राहतो. असे दोन काळे एकत्र आले आणि दोघांकडून पांढराच वाटा आला, की पिल्लू पांढरं. तुझी आई चिडून म्हणाली होती, "ही काळी लबाड हाय, देऊन टाक तिला कासू गावात कुणाला तरी." आणि तू म्हणालास, "लबाड नाय आई. तिला तरी कुठं म्हाईत, आपल्यात काय दडलंय ते?" तुझी आई हे हसत सांगत होती. मी हसले नाही. मला तू त्याच वेळी आवडलास.

तेव्हापासून तुझं काम मी डोळे भरून बघत आलेय. काळ्या मादीत पांढरा दडलाय का, हे बघायला तू तिला पांढऱ्या नराशी जोडतोस आणि निवांत वाट बघतोस. ससा विकत घेणाऱ्याला दिसतं तेही सांगतोस आणि दडलेलं असेल तर तेही. आमच्या कंपनीत ऑफिसात बसून एवढं खरं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही.

कंपनीवरून आठवलं. मागे आमच्याकडे रक्तदान शिबिर झालं आणि मला परत पाठवलं, हिमोग्लोबिन कमी म्हणून. तुला नवल वाटणार नाही, मी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खातेय. या वेळी डॉक्टरांनी वेगळी तपासणी करायला लावली. मला काही झालेलं नाही, घाबरू नकोस. पण रिपोर्ट आला आणि त्याच आठवड्यात तुझी आई आमच्या दारात उभी राहिली. माझ्या आईचं म्हणणं, "कशाला सांगतेस गो? वरून दिसतंय थोडंच?" महिनाभर मी तिच्याशी भांडतेय. तुझ्यापासून लपवून तुझ्या घरात यायचं, हे मला जमणार नाही.

माझ्या रक्तात थॅलेसेमियाचा एक वाटा आहे, धनेश. तो माझ्यापुरता गप्प आहे आणि जन्मभर गप्पच राहील. पण तुझ्याकडेही तसाच एक वाटा असला, तर आपल्या प्रत्येक मुलामागे चारात एक धोका आहे. त्या मुलाला आयुष्यभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहावं लागेल. हे मी दुसऱ्या कुणाला समजावू शकले नसते. तू पेणला एखाद्या लॅबमध्ये जा, थॅलेसेमियाची तपासणी म्हणून सांग आणि रक्त दे. सुईला घाबरतोस, माहीत आहे मला, तरी जा. तुझ्यात काही निघालं नाही तर मुलांची काळजी उरत नाही. निघालंच, तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, त्यावरही मार्ग आहेत असं ते म्हणाले. मूल नसलं तरी मला चालेल, तुला चालेल का ते विचार करून सांग. नको वाटलं तर तसं तोंडाने स्पष्ट सांग, नुसतं "हं" म्हणू नकोस. तुझा रिपोर्ट येईपर्यंत होकार द्यायचं थांबायचं ठरवलं होतं, पण तुझ्याइतका धीर माझ्यात नाही. माझा होकार आहे. रविवारी मी पेणला येतेय, तुझ्या आईला हे सगळं मी स्वतः सांगेन.

तुझीच व्हायचं ठरवून बसलेली,
नम्रता