चार बाळं आणि तिसरं बटण

२१ जानेवारी

तीर्थरूप हर्मेलिंदाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. मधे पोट येतं.) तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत आणि मी जाडा आहे.

दारू सोडून आज सात महिने सव्वीस दिवस झाले. ह्या अवधीत एकोणीस किलो वाढले. तू शिवून दिलेला बँडचा निळा कोट आता फक्त गळ्यापाशी बसतो. परवा तालमीत ट्यूबाच्या पितळी भोंग्यात दम भरायला श्वास घेतला तर तिसरं बटण सुटलं आणि थेट क्लॅरिनेटवाल्या अपोलिनारच्या कानशिलात बसलं. तो बोंबलला, "अरे एलिहिओ, पीत होतास तेव्हा निदान नेम धरून तरी मारायचास!" आणि दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला, ह्याच कोटात चौकात वाजवायचं आहे. मी काय करू ते सांग.

दोष माझा एकट्याचा नाही. आमच्या न पिणाऱ्यांच्या मंडळात फिदेन्सिओकाका आहेत, त्यांनी मला हाताशी धरलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, प्यायची हुक्की आली की काहीतरी गोड तोंडात टाक. किती वेळा हुक्की येईल ते त्यांनी विचारलं नाही. (चाळीस. रविवारी साठ.) मग दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि गोड बंद करून रोज तासभर चाला म्हणाल्या. मी चालतो, ताई, खोटं नाही सांगत. पण गुत्ता टाळून जायचं तर दुसरा रस्ता बेकरीवरून जातो. आपल्या गावाला तिसरा रस्ता नाही हे तुला माहीत आहे. काकांना सांगितलं तर ते म्हणतात, "आधी जिवंत राहा, बारीक व्हायचं मग बघू." आता ह्या दोघांनी समोरासमोर बसून माझं काय ते एकदा ठरवावं.

त्यात सासूबाई. अकरा वर्षं मला दारात पाहिलं की चूल विझवणाऱ्या दोन्या तोमासा हल्ली मी दिसलो की तवा चढवतात. पुरे म्हटलं तर समोर बसून डोळ्यांना पदर लावतात. "जावईबापू, तुम्ही शुद्धीत जेवताना दिसलात की माझा जीव थंड होतो हो." त्यांचा जीव थंड करता करता माझी विजार फाटली. पण नाही कसं म्हणू? त्या घरात मला कुणी प्रेमानं वाढतंय, हेच अजून खरं वाटत नाही.

आणि मग आला तीन राजांचा सण. रोस्काचा नियम तू जाणतेसच, संत्र्याची साल घातलेल्या ह्या गोड पावाच्या ज्याच्या कापात प्लास्टिकचं इवलं बाळ निघेल त्यानं कांदेलारियाला सगळ्यांना मक्याच्या पानात उकडलेले तामाल खाऊ घालायचे. लोक एक काप खातात, म्हणून सुटतात. मी तीन तीन खाल्ले. सकाळी घरी बाळ निघालं. दुपारी बँडच्या खोलीत निघालं. चार वाजता काकांकडे निघालं. संध्याकाळी मंडळाच्या सभेत, सगळ्यांच्या बायकापोरांसमोर, चौथं दाताखाली आलं आणि माझं डोकं फिरलं. गुपचूप गालात सरकवलं. आपले आजोबा दरवर्षी हेच करायचे, मला काय माहीत की नेमकं त्याच वेळी बोलायला माझं नाव पुकारतील!

उभा राहिलो. म्हणालो, "नमश्कार, मी एलिहिओ, शात महिने मी शेंबभरही..." सगळ्यांना वाटलं, मी पिऊन आलोय. काकांनी मान खाली घातली. तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोनं, नीवेसनं शाल ओढली आणि पिशवी उचलली. ताई, ती पिशवी उचलण्याची पद्धत मी अकरा वर्षं पाहिली आहे. तामाल, मान, सगळं विसरलो आणि बाळ तळहातावर थुंकलो. प्लास्टिकचं, पांढरं, लाळेनं चकचकीत. चाळीस माणसं खो खो हसली. नीवेस हसली नाही. ती पुढे आली, सगळ्यांदेखत माझ्या तोंडाचा वास घेतला, "संत्र्याची साल," एवढंच म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. मला आधी भयंकर राग आला, सात महिन्यांनंतरही वास घेते! मग लाज वाटली. मग मीही तिच्याशेजारी बसलो. (उठताना दोघांनी धरून उठवलं.)

तर सोबत कोट पाठवतोय, आणि सुतळी, पोटावरून एकदा फिरवलेली. तेवढा कोट सैल करून दे. लहानांना गोड पापा. (गोड म्हटलं की भूक लागते.)

तुझा भाऊ,
एलिहिओ

ता.क. कापड उरलं नसेल तर पाठीत वेगळ्या रंगाची पट्टी घाल. ट्यूबावाल्याची पाठ कोण बघतं?

ता.क. दुसरा. तामाल आणू नकोस. चार बाळांचे तामाल नीवेस आणि सासूबाई करताहेत, कणसांची पानं कालच निवडून ठेवली. दोघी माझ्या नावानं खडे फोडतात आणि हसतात.

ता.क. तिसरा. कोट टपालानं आला तरी चालेल. तू मात्र ये. चौकात प्रत्येक गाणं संपलं की सणाच्या यजमानाचं मेस्कालच्या दारूचं तबक फिरतं, आधी वादकांपुढे. गेल्या वर्षी पहिला हात माझा होता. यंदाचा हा माझा चौकातला पहिला कोरडा सण. ट्यूबा ओठांना आहे तोवर मला काही भीती नाही, गाणं संपल्यावरची आहे. नीवेसला मी बटणाचीच काळजी आहे म्हणून सांगितलंय. तू माझ्या शेजारी उभी राहा, आणि तबक जवळ आलं की माझ्या तोंडात तामाल कोंब. पान आधीच सोलून ठेव. त्या वेळी माझे हात कापत असतील.