तोंडपाठ तक्ता

मोताळा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस,
सप्रेम जयभीम.

मी मजेत आहे. सोयाबीन घरात आलं. माकडांचा उच्छाद चालूच आहे. त्यांनी स्कूटीचा आरसा फोडला, ते तुला सांगितलंच होतं.

लायसन्सचं मात्र फोनवर सांगितलं तेवढं सरळ झालं नाही. आमच्या वयाला ते पाचच वर्षांचं मिळतं आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला देणारा कोण, तर आपला अजहर. चौथीत माझ्या वर्गात बाहीला नाक पुसायचा, तोच.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. माझ्या आधी आठ जणांनी तो मोठ्याने वाचला. चौतीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला आणखी काय हवं? नंबर येईपर्यंत सगळा तोंडपाठ. उजवा डोळा झाकून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला.

अजहर उठला, तक्ता पलटला. मागे दुसरी अक्षरं.

"बाई, तुमीच मले सांगत होत्या ना," तो हळूच म्हणाला, "पाठ म्हनू नोको, बोट ठेवून वाच."

मला वरचं एक अक्षर दिसलं, तेही अंदाजाने. सगळे हसले, मीही हसले. मोतीबिंदू आहे, दाखला मिळाला नाही.

फोनवर "झालं" म्हणाले ते खोटं. लायसन्स गेलं तर स्कूटी विकून नागपूरला ये, असं तू म्हणाली होतीस. तुझ्याकडे यायला मला आवडतं गं. पण बाजारालासुद्धा कुणाची तरी वाट बघत बसायचं, याची मला फार भीती वाटते.

आणि आरसा माकडांनी फोडला नाही. सुभद्राबाईची म्हैस मला दिसली नव्हती. म्हैस ठणठणीत आहे.

सोमवारी, २५ तारखेला ऑपरेशन. लायसन्सची मुदत सप्टेंबरात संपली, पण वर्षभरात नूतनीकरण केलं तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. अजहर म्हणतो, "डोया बरा झाला का या वाचाले, मंग देतो." तोवर किल्ली मीच तांदळाच्या डब्यात टाकली आहे.

तू ये. बावन्नाव्या वर्षी तूच मला स्कूटी शिकवलीस, मागे बसून ओरडत. या वेळी तू पुढे बस. ओरडणार नाही असं म्हणत नाही, पण घट्ट धरून बसेन.

तुझी,
थोडे दिवस मागे बसणारी
आई