देवळालीत पाहुणे आले तेव्हा आम्ही गात होतो

अहिल्यानगर (तुमच्यासाठी नगरच)

ती. स्व. नृसिंहमामांस,

सुहासचा लांबूनच वाकून नमस्कार. (पायांवर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे आणि माझं डोकं जड आहे असं तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आला आहात.) शेवगावात थंडी पडली का, सूनबाई सकाळी अंगणात चालवतात का, आणि चालताना तुम्ही त्यांच्याशी भांडता का, हे सविस्तर कळवा. भांडत असाल तर प्रकृती ठीक आहे असं समजेन. इकडे आम्ही सगळे मजेत. पत्रच लिहितोय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मी कितीही लांब मजकूर पाठवला तरी तुम्ही तो न वाचता अंगठा दाखवता. या मजकुराला अंगठा पुरणार नाही.

गेल्या महिन्यात मी देवळाली प्रवऱ्याला संगीत नाटकाचा मास्टरक्लास घ्यायला गेलो होतो. आता हे मास्टरक्लास म्हणजे काय ते आधी सांगतो. तुम्ही नाटक कंपनीत ऑर्गनवर बसायचात तेव्हा नटाने गावं, टाळ्या घ्याव्यात आणि पिठलं-भात खाऊन झोपावं एवढंच काम असे. हल्ली नट गातो कमी आणि कसं गावं हे सांगत फिरतो जास्त. आमच्या नाटकाचा प्रयोग लावला की पुढच्या दोन रांगा भरतात, त्यातली एक नातेवाइकांची. पण तेच नाटक कसं करायचं ते शिकवतो म्हटलं की सतरंज्या अपुऱ्या पडतात. त्यामुळे आमच्यातले निम्मे लोक आता जिल्हाभर शिकवत हिंडतात, आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडून शिकवायचं कसं ते शिकतात. मी तक्रार करत नाही. प्रवास होतो, ठिकठिकाणचं जेवण मिळतं, आणि शिकवताना सूर लागला नाही तर 'असं करायचं नाही' म्हणून मोकळं होता येतं. ही सोय रंगमंचावर नाही.

तर देवळालीतले आप्पासाहेब हे या क्लासचे यजमान. उसाचे बागायतदार, आवाज पहाडी, आणि नाट्यसंगीताचं वेड इतकं की पाण्याची मोटर सुरू झाली तर तिच्या सुरात सूर लावून पाहतात. शाळेचा हॉल परीक्षेला गेला म्हणून त्यांनी क्लास स्वतःच्या नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यातच ठेवला आणि चौकात 'भव्य मास्टर क्लास' असा फ्लेक्स लावला. खाली संगीत नाटकाचा उल्लेख होता, पण तो आप्पासाहेबांच्या फोटोमागे गेला. परिणामी पहिल्या दिवशी तीन बायका ब्लाउजपीस घेऊन आल्या. मास्टर म्हणजे शिंपी, त्यांचं काहीच चुकलं नाही. मी खुलासा केला, तेव्हा त्यातल्या एकीने विचारलं की मग अस्तर तरी लावता का. नंतर त्या तिघीही क्लासला बसल्या आणि त्यांतली अस्तरवाली मध्य सप्तकात फार गोड निघाली.

क्लास भरवण्यामागे आप्पासाहेबांचा एक डाव होता, तो मला दुसऱ्या दिवशी कळला. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी राहुरीला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गळा असा की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शिकवण्याऐवजी चहा मागवला आणि ऐकत बसलो. मुंबईत एक नवं संगीत नाटक उभं राहतंय, त्याच्या निवडचाचणीचं बोलावणं तिला आलं होतं. आप्पासाहेबांचा हिशेब असा की मुंबईचा मास्टरच घरी आणून बसवला तर पोरीला मुंबईला जायचं कारण उरणार नाही. (मी मुंबईचा नाही, हे त्यांना सांगायची संधी मला मिळाली नाही. त्यांच्यासमोर संधी कुणालाच मिळत नाही.) शिवाय मिरजगावचं एक स्थळ रविवारी मुलगी बघायला येणार होतं. ज्ञानेश्वरी वडिलांपुढे तोंड उघडत नसे. म्हणजे बोलायला. गायला बिनधास्त उघडत असे.

शनिवारी सकाळी मी माझा नेहमीचा पाठ घेतला. संगीत नाटकात बोलता बोलता गाणं यावं, ट्रकचा गिअर पडल्यासारखा खाडकन आवाज येऊ नये, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यासाठी मी सगळ्यांना एक नियम घालून देतो: आज दिवसभर कुणी एक वाक्यही बोलायचं नाही, जे सांगायचं ते गाऊन. दुसऱ्याची ओळ मध्ये तोडायची नाही. ओळ संपली की तिचे शेवटचे शब्द बाकीच्यांनी कोरसमध्ये उचलायचे. आणि जो चुकून बोलेल त्याने खुल्या गळ्याने 'आ'कार लावत अंगणाला प्रदक्षिणा घालायची. आप्पासाहेब स्वतः विद्यार्थी म्हणून बसले होते आणि त्यांच्याइतका कडक विद्यार्थी मी पाहिला नाही. त्यांनी तो नियम सगळ्या घराला लावला. त्यांच्या पत्नीने गाण्यापेक्षा मौन पत्करलं आणि त्या स्वयंपाकघरातून चमचा वाजवून कारभार करू लागल्या.

अकराच्या सुमारास दारात बोलेरो थांबली. मिरजगावचे पाहुणे. शिर्डीला दर्शनाला आले होते, परतीच्या वाटेवरच गाव आहे तर उद्या पुन्हा हेलपाटा कशाला, म्हणून एक दिवस आधीच उतरले. पुढे मुलाचे वडील गहिनीनाथराव, पांढरीशुभ्र टोपी, चेहरा कोर्टात तारखेला आल्यासारखा. त्यांच्या मागे त्यांच्या थोरल्या भगिनी गोजरबाई, ज्यांच्या होकाराशिवाय त्या घरात म्हैसही खरेदी होत नाही असं नंतर कळलं. आणि सगळ्यांत मागे खुद्द मुलगा अमृत, ज्याचं हायवेवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

मामा, आप्पासाहेब उठले, पायरीवर गेले, दोन्ही हात पसरले आणि त्यांनी भूप लावला. (सकाळी अकराला संध्याकाळचा भूप. तुम्ही तिथे असतात तर उठून गेला असतात.) 'या, या, पाव्हणं या' एवढंच ते गायले, पण दुसऱ्या 'या'वर अशी तान घेतली की गहिनीनाथरावांनी मागे वळून, हे कुणाला चाललंय, ते पाहिलं. आणि दिवाणखान्यातून आमच्या पंचवीसएक माणसांनी इमानाने 'पाव्हणं या' उचललं.

पाहुणे आत आले, कारण बाहेर पळून जाणं बरं दिसलं नसतं. आप्पासाहेबांनी गाऊन पाणी मागवलं, आम्ही सर्वांनी ते पुन्हा मागवलं. गहिनीनाथरावांनी हळूच विचारलं, घरात कुनी आजारी हाय का. नियमाप्रमाणे कोरसने 'आजारी हाय का' फार भावपूर्ण म्हटलं. आता तुम्ही म्हणाल, सुहास, तू मास्टर, तू थांबवायचंस. मामा, मी थांबवणारच होतो, पण बोललो असतो तर मलाच प्रदक्षिणा होती, आणि आप्पासाहेब माझ्याकडे नजर लावून होते. म्हणून हा प्रकार काय आहे ते गाऊन समजावून सांगावं असं मी ठरवलं. घाबरलेल्या माणसाला राग निवडता येत नाही. माझ्या तोंडून जोगिया निघाला, तोही रडवा. (निदान सकाळचा राग होता.) 'ऐका हो, ऐका, या घरी काय घडले' इथवर मी आलो, कोमल रिषभावर जरा रेंगाळलो, तोवर गोजरबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, जमिनीवर बसकण मारली आणि आप्पासाहेबांच्या पत्नीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "कदी झालं हे? आमाला कुनी कळीवलंच न्हाई."

बिचाऱ्या यजमानीणबाईंना मौन असल्यामुळे कुणीही गेलेलं नाही हे सांगता येईना. त्यांनी जोरजोरात मान हलवली, त्याने गोजरबाईंची खात्रीच पटली. अस्तरवाल्या बाईंना हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडात पदर कोंबला, तेही रडण्यासारखंच दिसलं. अमृत टोपी काढावी की ठेवावी या विचारात. आणि अशा वेळी आतून ज्ञानेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली.

तिने ट्रे टीपॉयवर ठेवला. एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि साध्या साकीच्या चालीवर, एकही हरकत न घेता, समोर कुणी उभं राहून बोलावं तशी ती गायली:

वर्ष एक मज जाऊ द्या हो, मुंबापुरिच्या रंगी
मांडव घाला मग दारी हो, येइन तुमच्या संगी

आणि कोरसने (ज्यात सोसायटीचे निवृत्त सचिवही होते, आवाज खर्जातला) अमृतकडे बघत 'येइन तुमच्या संगी' असं एकमुखाने आश्वासन दिलं.

इतके महिने जे तिला बोलता आलं नव्हतं ते सगळं दोन ओळींत, पाहुण्यांच्या देखत बाहेर आलं होतं. आप्पासाहेब लालबुंद झाले. नियमामुळे त्यांना मुलीची ओळ मध्ये तोडता आली नव्हती, आणि आता रागवायचं तर तेही गाऊनच रागवायला हवं होतं. राग अनावर झाला होता, पण कोणता घ्यावा हे सुचेना. त्यांनी दोनदा सूर लावायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाहेरून पाहिलं तर सगळी गंमत होती, पण त्या पोरीने ट्रेची कड अजून सोडली नव्हती आणि कपबश्या वाजत होत्या.

तेवढ्यात अमृत उठला. त्याने घसा खाकरला आणि जो काही आवाज काढला त्याला स्वर म्हणणं कठीण आहे. थंडीत ट्रॅक्टर सुरू होताना जे होतं ते झालं. पण तो गात होता याबद्दल शंका नाही, कारण प्रत्येक शब्द ओढत होता. मला गाता येत न्हाई, असं त्याने आधी गाऊन सांगितलं, त्याची गरज नव्हती. पुढे म्हणाला, म्हणजे गायला, "एक वरीस कशाला, दोन घ्या. मी मिरजगावलाच हाय. दुकान कुटं पळून जातंय."

कोरसला हे उचलायचं कसं तेच कळेना. जिथून उचलायचं तो स्वर पेटीवर नव्हता. ज्ञानेश्वरी हसली. आधी ओठ मिटून, मग सगळी. हसता हसताच तिने त्याला सा लावून दाखवला. त्याने मन लावून ऐकला आणि दुसरीकडेच कुठेतरी लावला. तिने पुन्हा दाखवला, तो आणखी लांब गेला, पण हटला नाही. शेवटी तिने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि बसा अशी खूण केली. तो आनंदाने बसला.

आता सगळे आप्पासाहेबांकडे पाहत होते. ते मुलीजवळ गेले. आम्ही षड्ज धरून तयार राहिलो. पण ते गायले नाहीत. मान खाली घालून साध्या आवाजात बोलले, "जा बाई मुंबईला. मला आदीच सांगायचं हुतंस." मग त्यांच्याच लक्षात आलं. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चप्पल घातली, अंगणात उतरले आणि खुल्या गळ्याने आकार लावून प्रदक्षिणा घालू लागले. अर्ध्या वाटेत आवाज भरून आला, तरी सूर सोडला नाही. तिकडे उसाला पाणी देणारी माणसं काम थांबवून बघत राहिली. ज्ञानेश्वरी धावत खाली गेली आणि उरलेली प्रदक्षिणा बापलेकींनी मिळून पुरी केली.

गोजरबाईंना एव्हाना कुणीही मेलेलं नाही हे उमगलं होतं. त्यांनी पदर खाली घेतला, चहा बशीत ओतला आणि निकाल दिला. पोरीनं खरं तेच सांगितलं, पोराला आवाज न्हाई पन लाजबी न्हाई, तवा जमलं. गहिनीनाथरावांनी एवढंच विचारलं की हे गाणं लग्नानंतरही कायम राहणार का. कोरसने 'कायम राहणार का' म्हटलं, आणि मामा, ते पहिल्यांदा हसले.

असा माझा मास्टरक्लास. शिकवलं काय म्हणाल तर मला सांगता येणार नाही. प्रमाणपत्रं वाटली, हुरडा खाल्ला, एस.टी.ने परत आलो. वडीलधाऱ्यांना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, आणि गुडघ्याला माझी विचारपूस सांगणे.

तुमचा बेताल पण सुरेल भाचा,
सुहास

ता. क. ज्ञानेश्वरीची मुंबईत निवड झाली. कोरसमध्ये उभी राहील आणि मधे एक अख्खं पद तिचं एकटीचं आहे. त्याच नाटकात म्हाताऱ्या राजाच्या भूमिकेसाठी मीही जाऊन आलो. मला घेतलं नाही. मात्र नटांना शिकवायला या म्हणाले. जातोय.

आणखी ता. क. साखरपुडा मिरजगावला आहे, येत्या रविवारी. ज्ञानेश्वरीची एकच मागणी आहे की साथीला ऑर्गन हवा, कीबोर्ड नको. जिल्ह्यात चालू स्थितीतला ऑर्गन कुणाकडे आहे ते मला ठाऊक असल्यामुळे मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलोय. शनिवारी सकाळी अमृतचा टेम्पो तुमच्या दारात येईल. ऑर्गनसोबत तुम्हांलाही घालून आणायचं आहे. तुमच्यासाठी पुढे ड्रायव्हरशेजारी गादी टाकायला सांगितलीय.

शेवटचं ता. क. दोन वर्षं तुम्ही ऑर्गनचं झाकण का उघडलं नाहीत ते मामी मागे बोलल्या. ऐकू कमी येतंय म्हणून ना? तर ऐका. गोजरबाईंच्या हुकमावरून साखरपुड्याला दोन्हीकडच्या मंडळींनी दिवसभर गाऊनच बोलायचं ठरलंय. गहिनीनाथराव मिरजगावच्या बाजारात येताजाता दिंडीची चाल पाठ करताहेत आणि अमृतचा सा अजून सापडलेला नाही. त्या मांडवात ज्यांना नीट ऐकू येतं त्यांचीच मला काळजी वाटते. तुम्ही निर्धास्त या.