उंच केलेली जीप

मंगळवार, संध्याकाळ. जोहे.

सकाळी पेणच्या गॅरेजातून जीप आणली. मोठे टायर घातले, स्प्रिंगा बदलून गाडी चांगली वर उचलून घेतली. रोह्यापलीकडे आत्याच्या गावचा रस्ता म्हणजे नुसते दगड. गेल्या खेपेला जीपचं पोट घासलं आणि आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. आत्या अंथरुणाला खिळलीय. बाबांना बहिणीला एकदा बघायचं होतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आणि बाबांचा पायच वर पोचेना. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

घाईत आमच्या मूर्तींच्या कारखान्यातला एक पाट आणून खाली ठेवला. गणपती बसवायला गिऱ्हाईकानं दिलेला. बाबांनी पाय मागे घेतला. "त्याच्यावर देव बसायचाय. माझा पाय नाय टेकवायचा." रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मीच त्यांना उचललं. एक हात बैठकीखाली, एक पाठीला. दंडाला धरायचं नाही. मूर्ती अशीच उचलायची, हे लहानपणी त्यांनीच शिकवलं. किती हलके झालेत! शाडूची मोठी मूर्ती याहून जड लागते.

सीटवर टेकल्यावर म्हणाले, "बरोबर धरलंस रे. धक्का नाय लागला."

आत्याची भेट झाली. निघताना पुन्हा तसंच, एक हात बैठकीखाली, एक पाठीला.

आता जेवण जात नाही. अशी उचललेली प्रत्येक मूर्ती आजवर आमच्या दारातून निघूनच गेलीय.