भामाबाईंना राहू द्यावे

मी, मंदाकिनी दत्तोपंत खळदकर, वय ६८, धंदा निवृत्त शिक्षिका व लेखिका, राहणार बारामती. अन्ननलिकेच्या आजाराने आता पातळ पेजेखेरीज काही गिळवत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी केलेले नाही.

१. यजमान गेल्यावर मी इथल्या एका साप्ताहिकात हॉटेले-खानावळींवर सदर लिहू लागले. एकट्या बाईला पडद्यामागे फॅमिली रूममध्ये बसवत. मी बाहेरच बसे. पिंपळीजवळच्या एका हॉटेलवाल्याने भर गिऱ्हाइकांत विचारले, "घरी चूल न्हाय का?" त्याची उसळ शिळी होती, तसे लिहिले. त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. लेखांची कात्रणे नात वैदेही हिला द्यावीत. छापायची झाल्यास माझ्याच नावाने छापावीत.

२. श्रीमती भामाबाई सोपान कोकरे, मूळ राहणार पणदरे, या लोणी देवकरला कामगारांसाठी मटणाची खानावळ चालवत. मी मटण कधी खाल्लेले नव्हते, म्हणून तिथे नुसते बघून लिहिणार होते. त्या म्हणाल्या, "बाई, खाणार न्हाय तर लिवणार कसं?" मी खाल्ले. उत्तम होते, तसे लिहिले.

३. तो लेख वाचून माझा मुलगा चि. अनय पुण्याहून आला. "बाबांच्या श्राद्धाचा स्वयंपाक यापुढे तू करू नकोस," एवढेच बोलला. भांडला असता तर बरे झाले असते. पुढे येताना तो वैदेहीचा डबा बरोबर आणू लागला. पोर माझ्याच स्वयंपाकघरात बसून तो डबा खाई आणि मी समोर बसून बघत असे. तरीही बँकेतील ठेव व माझे दागिने अनयचेच. तो माझा मुलगा आहे.

४. रस्ता रुंद झाला त्यात भामाबाईंची खानावळ गेली. मागे कोणी नाही, म्हणून मी त्यांना घरी आणले. माझी पेज त्याच करतात. रोज विचारतात, "मीठ बरं हाय का?" मला चव लागतच नाही. "बरं आहे," म्हणते. सदरात कधी खोटे लिहिले नाही. हे एक रोज बोलते. राहत्या घरात, स्वयंपाकघरासह, भामाबाईंना हयातभर राहू द्यावे. त्यांनी तिथे काय शिजवावे याची विचारणा कोणी करू नये. त्यांच्यानंतर घर वैदेहीचे.

५. अग्नी अनयने द्यावा. तेराव्याच्या पंगतीत भामाबाईंना बसवावे. वकिलांचे म्हणणे, ही अट घाला. अट घातली तर ठेवीसाठी अनय ती पाळील. म्हणून ही विनंती आहे. त्याने मानली नाही तरी त्याच्या हिश्श्यातून काही कमी करू नये.

ठिकाण : बारामती
दिनांक : ९ नोव्हेंबर १९९८

(सही) मंदाकिनी दत्तोपंत खळदकर

बाईंनी वाचून आमच्यासमोर सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार :
१. डॉ. शंभूराज देवकाते, बारामती
२. योगिनी वाघोलीकर, शिक्षिका, इंदापूर