काढून टाकलेली उद्गारचिन्हं

ती. ताई,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? माझी तब्येत उत्तम आहे, तोंड मात्र दाखवण्याजोगं राहिलेलं नाही.

तुझ्या लेकीचं, आपल्या बारकीचं, भौतिकशास्त्राचं पुस्तक आमच्या छापखान्यात आलं, हे तुला ठाऊकच आहे. प्रुफं मीच मागून घेतली. (तिचं पहिलं पुस्तक आणि तपासणार परका, हे मामाच्या हयातीत कसं व्हावं?) तिसरं प्रकरण उघडलं आणि कपाळाला हात लावला. घन पदार्थाच्या अणूंमध्ये ऊर्जा किती रीतींनी वाटली जाऊ शकते, एवढाच विषय. पण पोरीने दर ओळीत तीन-तीन, चार-चार उद्गारचिन्हं मारलेली. लहानपणापासून उतावळीच ती. म्हटलं, शास्त्राच्या पुस्तकात एवढं आश्चर्य शोभत नाही. एकशे बारा होती. एकजात उडवली (शेवटचं प्रूफ लेखिकेला दाखवायचं असतं, पण घरचाच माणूस असल्यावर कशाला?) आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

पुस्तक छापून झाल्यावर कळलं की ते चिन्ह गणितातलं आहे. सहापुढे ते आलं की सहा गुणिले पाच गुणिले चार, असं थेट एकापर्यंत उतरायचं. तिच्या उदाहरणातले चार मणी तीन वाट्यांत पंधरा रीतींनी ठेवता येतात (मी स्वतः मणी घेऊन बसलो, पंधराच होतात). माझ्या दुरुस्तीनंतर सूत्रात वर नुसते सहा, खाली नुसते चार गुणिले दोन, आणि उत्तर येतं पाऊण. पाऊण रीतीने मणी कसे ठेवायचे, हे पाचशे प्रतींत कुठेच सांगितलेलं नाही.

आता माझी बाजू ऐक. त्याच प्रकरणात पुढे बारकीच लिहिते की आकडे अफाट मोठे झाले की उद्गारचिन्ह काढून अंदाजाचं सोपं सूत्र वापरावं, फारसा फरक पडत नाही. मग मी वेगळं काय केलं? (बदल्यात काही घातलं नाही, हे कबूल.) हे तिला फोनवर सांगितलं, तेव्हापासून नऊ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. ताई, मला फार लागलंय ते.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. पुस्तकाचा दुसरा भाग ती दुसऱ्या छापखान्यात देणार असं ऐकतो. तू शब्द टाक. तपासायला मलाच हवा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार, एवढ्यात दुसऱ्या भागाचं बाड आलं, माझ्याच नावाने. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी : 'मामा एकाही चिन्हाला हात लावायचा नाही.' डोळे भरून आले गं. तू आता तिला काही बोलू नकोस. 'मामा'नंतर स्वल्पविराम हवा होता, तेवढा मी घातला.