मामा तोच सासरा

बाबा, काल दादा येऊन गेला. चर्चमधून थेट आला, इस्त्रीच्या शर्टात, वहिनीने दिलेली शेंगाचटणी घेऊन, आणि चहा उकळायच्या आत म्हणाला, "पोरांचं ठरवून टाकू आता. बाबांचा शब्द हाय." त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात तुम्ही पंगतीसमोर उभं राहून ती माझ्या मुलाला देऊन टाकली होतीत. ती पाळण्यात होती आणि माझा मुलगा टेबलाखाली बसून कानातलं ऐकायचं मशीन ओढत होता. तुम्ही गेलात, सुटलात. शब्द मात्र आमच्या गळ्यात बांधून गेलात.

मला दादापेक्षा तुमचाच राग येतो. तो बिचारा तुमच्याच संडे स्कूलचा विद्यार्थी. आठवडाभर तुम्ही मिलमध्ये, आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत हातात खडू. तुम्ही फळ्यावर अब्राहामाचं घराणं काढताय. सारा ही त्याचीच सावत्र बहीण. नाहोराने केली सख्ख्या भावाची मुलगी, इसहाकाला आली चुलतभावाची, आणि याकोबाने तर मामाच्या, लाबानाच्या, दोन्ही मुली केल्या. रेघा एकमेकींवर चढतात, फळ्यावर जागा उरत नाही. मी विचारते, "मग लाबान याकोबाचा मामा का सासरा?" पोरं हसतात. तुम्ही खडू खाली ठेवता. "दोन्ही. खाली बस. शास्त्राला उलटं विचारायचं न्हाय." मिलमध्ये सुताचा गुंता तासन्‌तास सोडवत बसणारा माणूस तुम्ही, पण हा गुंता तुम्हाला कधी गुंता वाटलाच नाही. पुढे मोशेच्या नियमात सावत्र बहीण आणि आत्या दोघी वर्ज्य झाल्या, तो धडा घाईत उरकलात. मामाची मुलगी त्यात नाही, एवढं मात्र आवर्जून सांगितलंत.

आणि मग माझी पाळी आली. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आपल्याकडची जुनी रीत. पणजोबांनी धर्म बदलला, रीत काही बदलली नाही. तुम्ही मला आत्याच्या मुलाला दिलंत. लग्नानंतरही हे तुम्हाला मामाच म्हणत राहिले. मुलगा आवाजाकडे वळत नाही हे लक्षात आलं, तेव्हा तुम्हीच आम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंत. डॉक्टरबाईंनी विचारलं, "नात्यात लग्न आहे का?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "अब्राहामापास्नं हाय." त्या हसल्या नाहीत. निदान या मुलाचं तरी नात्यात करू नका, असं त्यांनी शांतपणे समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याचं पहिलं मशीन मात्र तुम्हीच आणलंत, आणि तुमच्याच हातांनी त्याच्या कानात बसवलंत, त्यामुळे तुमच्यावर धड चिडताही येत नाही, हा आणखी एक वैताग. आणि एवढं होऊन पुढच्याच वर्षी तुम्ही त्या पंगतीसमोर उभे राहिलात.

काल मी दादाला नाही म्हणाले. तो म्हणाला, "याकोबाचं देवाला चाललं, तुला का चालंना?"

"त्या मामानं त्याला एकीच्या जागी दुसरी देऊन फसवलं, ते पण वाच की. आणि याकोबाच्या पोरांनी आपल्याच भावाला विकला, ते पण."

"शास्त्र मला शिकवू नकोस. पोरगी काय बोलली का तुला?"

"नाही. हे माझं मत आहे."

ही धडधडीत थाप होती. पोरगी चार दिवसांपूर्वी कॉलेजमधून परस्पर माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाली, "आत्या, तुमी न्हाई म्हणा. मी म्हणले तर पप्पा आजोबांचा शब्द काढून घर डोक्यावर घेतील. मला तो भाऊच वाटतो ओ." माझ्या मुलाला सांगितलं, तर कानातलं मशीन सारखं करत म्हणाला, "सुटलो." ज्यांचं लग्न त्या दोघांना नको, आणि भांडतोय कोण, तर पन्नाशी उलटलेले आम्ही बहीणभाऊ, तुमच्या पंगतीतल्या एका वाक्यावरून. दादा चहा न घेता गेला. आता वर्षभर तरी बोलायचा नाही.

हे लिहितेय तेव्हा तुमचे भाचे गच्चीवर टाकी धुताहेत. चांगले आहेत. संसारात कधी आवाज चढवला नाही, आणि काल दादासमोर माझ्याच बाजूने बोलले. म्हणूनच हा कागद घरात ठेवता येणार नाही, लिहून झाला की फाडणार आहे. ती पोरगी पाटावर बसून बोलत होती, तेव्हा मला तिचा हेवा वाटला, बाबा. तिला जाऊन सांगायला आत्या होती. माझी आत्या तर सासू व्हायला बसली होती. मला कुणी विचारलं असतं, तर मीही नाहीच म्हणाले असते.